भंडारदऱ्याला निघण्याआधी

परीक्षा आटोपल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, लेकरांना घेऊन भंडारदऱ्याला चाललोय, सोबत कोणती औषधं घेऊ?" भोकरदनच्या उन्हातून उठून चार दिवस थंड हवेला जावं असं कुणाला वाटणार नाही? प्रवरा नदीवर 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण, त्यामागे डोंगरांच्या कुशीत पसरलेला आर्थर जलाशय, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, एका बाजूला कळसूबाई. मेअखेरीला पाऊस तोंडावर आला की झाडंच्या झाडं काजव्यांनी उजळतात. लेकरांना हे दाखवायलाच हवं. जरूर जा.

औषधांची यादी मी देते, पुढे ती आहेच. पण पिशवीतलं एकही औषध जिथं चालत नाही असा सगळ्यात मोठा धोका तिथं आहे, आणि तो म्हणजे समोरचं पाणी. त्याबद्दल मात्र मला सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आज आधी पाण्याबद्दल, तेही सविस्तर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा होता. 1 ते 4 वर्षं वयात मृत्यूच्या कारणांमध्ये बुडणं चौथ्या क्रमांकावर आहे, 5 ते 14 या वयात तिसऱ्या. गोवराची लस चुकू नये म्हणून आपण तारीख लिहून ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. पाण्याची भीती मात्र आपल्या मनात तेवढी बसलेली नाही.

याचं एक कारण म्हणजे बुडणं कसं असतं याचं आपल्या डोक्यातलं चित्रच चुकीचं आहे. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा" म्हणून ओरडतो. खरं लेकरू ओरडत नाही. ओरडायला आधी श्वास लागतो, आणि त्याचा श्वासच अडकलेला असतो. ते पाण्यात उभंच्या उभं असतं, डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेशी, केस डोळ्यांवर आलेले. हात वर येत नाहीत, दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. जेमतेम मिनिटभरात, कधी त्याच्याही आत, ते खाली जातं. लहान लेकराला त्यासाठी गुडघाभर पाणीही पुष्कळ झालं. मेंदूला चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा व्हायला लागते. पाण्यात खेळताना दंगा करणारं मूल एकदम गप्प झालं, तर त्या क्षणी उठा आणि त्याच्याजवळ जा. हाक मारून उत्तराची वाट बघू नका.

दुसरं कारण आपल्या एकत्र जाण्यात आहे. दोन गाड्या, आजी-आजोबा, काका-काकू, मावशी, पाच-सहा लेकरं. इतकी मोठी माणसं आहेत म्हटल्यावर सगळे निर्धास्त. आईला वाटतं बाबा बघताहेत, बाबांना वाटतं मामा आहे, मामा फोटो काढतोय, आणि काकू भाकरी-ठेच्याचे डबे उघडतेय. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे. दहा-वीस रुपयांची एक शिट्टी विकत घ्या आणि दोरीत ओवा. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याच्याकडे पाण्याचा पहारा. त्यानं मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यायचा, गप्पा मारायच्या नाहीत, दारूचा थेंबही घेतलेला नसावा. पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी पुढच्याच्या गळ्यात घालायची आणि तोंडानं सांगायचं, "आता तू." पाच वर्षांच्या आतलं लेकरू मात्र पहारेकऱ्यावरही सोडायचं नाही. त्याच्याजवळ एक मोठं माणूस हात लांबवला की पोहोचेल इतक्या अंतरावर हवंच. दहा-बारा वर्षांच्या ताईला किंवा दादाला हे काम देऊ नका. ते स्वतःच लेकरू आहे.

आता त्या जलाशयाबद्दल. आपल्याकडची बरीच मुलं पाणी बघतात ते विहिरीत नाही तर शेततळ्यात. गावाकडे पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा कॅन बांधून पोहायला शिकायची रीत अजून आहे, पण भोकरदन शहरातल्या मुलांना आता तेही मिळत नाही. आणि विहिरीत पोहणाऱ्या मुलालाही धरणाचं पाणी नवंच असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं, काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळून कडक दिसणाऱ्या या गाळात पाय पिंढरीपर्यंत रुततो. तळ एकसारखा उतरत जात नाही. जुने बांध, ओढ्याची घळ, दगड यांमुळे पुढच्या पावलाला कमरेचं पाणी डोक्यावर जाऊ शकतं. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट असतं, खाली गार. त्या गारव्यानं लेकराचा श्वास एकदम वर ओढला जातो आणि पाणी नाकातोंडात जातं. म्हणून मी स्पष्ट सांगते, धरणाच्या पाण्यात लेकरांना पोहायला उतरवू नका. काठाला पाय भिजवू देत, तेही कुणीतरी हात धरून. पाण्यावर हिरवट साय आलेली दिसली तर पायही घालू देऊ नका.

नावेत बसायचं असेल तर लेकराच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळालं तरच बसा. जॅकेट घालून सगळे पट्टे लावा आणि खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात लेकरू त्यातून खाली निसटेल. हवा भरलेली रिंग आणि दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत, जीव वाचवायची साधनं नव्हेत. आणखी एक साधी गोष्ट: निळे, पांढरे, राखाडी कपडे पाण्याखाली दिसत नाहीत. त्या दिवशी लेकरांना भडक केशरी किंवा पोपटी रंगाचे कपडे घाला.

इतकं करूनही कुणी पाण्यात गेलंच, तर मागोमाग उडी टाकू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्या बहुधा एकाच घरातल्या असतात. काठावर आडवं पडून काठी, ओढणी, साडी, दोर, जे हाताशी असेल ते पुढे करा. घट्ट झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकला तरी तो धरून लेकरू तरंगू शकतं. असा एक दोर आणि एक कॅन सहलीच्या सामानात ठेवाच.

बाहेर काढल्यावर काय करायचं, इथं आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक होते. लेकराला पाय धरून उलटं टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. हे कधीही करू नका. पोटातलं पाणी जीव घेत नाही, थांबलेला श्वास घेतो. पोट दाबलं की उलटी होऊन ती फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटं वाया जातात. लेकराला कडक जागेवर उताणं झोपवा. हाक मारली तरी हालचाल नाही आणि छाती वर-खाली होत नाही, तर कपाळ थोडं मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा, त्याच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावून छाती उचलली जाईल एवढा श्वास द्या. तान्ह्या बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यावं लागतं. सुरुवातीलाच असे दोन ते पाच श्वास द्या. तरी हालचाल नाही, तर छातीच्या मधोमध, एका हाताच्या तळव्यानं, बाळ असेल तर दोन अंगठ्यांनी, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं खोल दाबा. वेग मिनिटाला 100 ते 120. तीस वेळा दाबलं की दोन श्वास, पुन्हा तीस. मदत येईपर्यंत किंवा लेकरू श्वास घेईपर्यंत थांबू नका. दुसऱ्यानं तेवढ्यात 108 ला फोन लावायचा. जागा सांगताना "शेंडी, भंडारदरा, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर" असं पूर्ण सांगा. आपल्या भागातल्या राजूरसारखंच त्या बाजूलाही एक राजूर आहे, आणि घाबरलेल्या माणसानं नुसतं "राजूरजवळ" म्हटलं तर घोटाळा होऊ शकतो. लेकरू शुद्धीवर येऊन रडायला लागलं, तरी त्याला रुग्णालयात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

हे वाचून समजलं असं वाटेल, पण हात बसल्याशिवाय ते जमत नाही. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा, बाहुलीवर शिकवणारं प्रशिक्षण कुठं मिळतं का ते बघा. घरात एकाला तरी हे यायलाच हवं, कारण पाणी आपल्याकडेही आहे. जालना जिल्ह्यात शेततळी गावोगावी झाली, त्यांनी दुष्काळात बागा जगवल्या, त्याचं मोल मला ठाऊक आहे. पण प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं की पोहता येणारा गडीसुद्धा त्यावरून वर चढू शकत नाही, तिथं लेकराचं काय? ज्यांच्या रानात शेततळं आहे त्यांनी सहलीला निघण्याच्या आधी एक काम करावं. भोवती कुंपण घालून फाटकाला कुलूप लावावं आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर आतल्या पाण्यापर्यंत सोडून वर खुंटीला पक्का बांधावा.

आता बाकीचं, थोडक्यात. गाडी लागणं हा दोन ते बारा वर्षांच्या मुलांचा त्रास. अकोले सोडलं की वळणं सुरू होतात, तेव्हा हातातला मोबाइल काढून घ्या आणि लांबचं बघायला सांगा. उपाशीपोटी नेऊ नका आणि निघताना तेलकटही चारू नका. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला उलटीची गोळी मनानं कधीही देऊ नका. प्रोमेथाझिनसारख्या औषधानं इतक्या लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो.

जुलाब लागले तर ओआरएस. पुडीवर लिहिलेलं पाण्याचं माप वाचा. मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलिलिटरची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर त्या खारट पाण्यानं लेकराला अपाय होतो. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्याला 50 ते 100 मिलिलिटर, त्यापुढच्याला 100 ते 200, चमच्या-चमच्यानं द्या. सोबत झिंक 14 दिवस. दुकानातली डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबानं: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. निघण्याआधी लेकराचं वजन करून मात्रा बाटलीवरच लिहून घ्या. पिशवीत एवढं असलं, शिवाय कापूस, पट्टी आणि लेकराचं नेहमीचं काही औषध असेल तर ते, की झालं.

उंचीची भीती बाळगू नका. हवा विरळ होऊन त्रास होतो तो साधारण 2,500 मीटरच्या वर, आणि आपलं राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाईच 1,646 मीटरचं आहे. लडाखमधलं पँगाँग सरोवर 4,000 मीटरच्याही वर आहे, तिथं तान्हं बाळ नेण्याचा बेत असेल तर मला आधी भेटा.

रात्र तंबूत काढणार असाल तर दोन गोष्टी. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी किंवा विझत आलेले निखारे तंबूत घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. दुसरी गोष्ट मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश बऱ्याचदा दुखतही नाही. तंबूची चेन पूर्ण बंद ठेवा, चपला-बूट झटकून घाला. पहाटे लेकराचं पोट दुखतंय, पापण्या मिटताहेत, बोलताना जीभ जड होतेय असं दिसलं, तर अपचन समजून ओवा देत बसू नका, तडक सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरची लस तिथं मोफत मिळते.

परत आल्यावर तीन आठवड्यांत लेकराला ताप आला, तर दवाखान्यात पाऊल टाकताच आम्ही डोंगरात गेलो होतो, तंबूत झोपलो होतो, हे आधी सांगा. मलेरिया असू शकतो, गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस असू शकतो. त्या तापात काखेत, जांघेत किंवा कानामागे बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग कधीकधी सापडतो, आणि वेळेवर औषध दिलं तर तो ताप लवकर उतरतो. अंघोळ घालताना अंगभर नीट बघा.