दुःख, सांत्वन आणि ईश्वरशोध : ‘यमुनापर्यटन’चा पुनर्विचार

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ (१८५७) या ग्रंथाविषयीची मराठी समीक्षेतील चर्चा प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. त्यास कादंबरी म्हणावे की धर्मप्रसाराची पुस्तिका, हा एक. आणि मराठी कादंबरीच्या परंपरेत त्याचे स्थान कोणते, हा दुसरा. भालचंद्र नेमाडे यांनी ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मोचनगड’ (१८७१) यांच्यासमवेत या कृतीला एका स्वतंत्र प्रवृत्तीचा उगम मानल्यापासून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्थिर झाले आहे. तथापि या चर्चेत तिसरा एक प्रश्न मागे पडला. या कादंबरीतील शोकग्रस्त स्त्रीला ईश्वर नेमका कोठे भेटतो? धर्मप्रसार हेच ग्रंथाचे प्रयोजन आहे हे एकदा निःसंकोच मान्य केले, म्हणजेच हा प्रश्न गांभीर्याने विचारता येतो.

पदमनजी (१८३१–१९०६) मूळचे बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती कथावाङ्मयाचा नमुना मराठीत त्यापूर्वीच आला होता. जॉन बन्यनच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ चे. बंगालीत हॅना कॅथरिन मलेन्स यांची ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ ही ख्रिस्ती स्त्रियांची कथा १८५२ मध्ये आली होती. बन्यनचा यात्रेकरू स्वतःच्या पापाचे ओझे पाठीवर घेऊन निघतो. यमुना निघते ती पतीसमवेत, आणि वाटेत तिच्यापुढे येते ते इतरांचे दुःख. पर्यटनाचा सांगाडा दोन्हीकडे असला तरी भार बदलला आहे. पापाच्या जाणिवेपेक्षा शोकाच्या दर्शनातून श्रद्धेकडे जाणारी वाट पदमनजींनी निवडली, आणि तीच त्यांची स्वतंत्र कमाई होय.

कादंबरीच्या मोठ्या भागात यमुना सांत्वन करणारी आहे. गावोगावी विधवा भेटतात, त्यांची कहाणी ऐकली जाते, केशवपनादी रूढींची चर्चा होते आणि त्या ओघात ख्रिस्ती उपदेश येतो. या भागावरच ‘प्रचारकी’ हा शिक्का बसला, आणि तो अन्यायाचा नाही. मात्र येथे बायबलातील ईयोबाचा ग्रंथ आठवावा. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र येतात आणि सात दिवस मुकाट्याने बसतात. त्यानंतर ते बोलू लागतात; दुःखाची कारणे सांगतात, देवाची बाजू मांडतात. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवरच. पूर्वार्धातील यमुनेची भूमिका अजाणता या मित्रांची झाली आहे. तिच्या शब्दांत करुणा आहे, परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर ती देते तो तिला स्वतःला अद्याप पडलेला नाही.

विनायकाच्या मृत्यूने ही रचना उलटते. आजवर जिने विधवांची स्थिती पाहिली, ती स्वतः त्या स्थितीत येऊन पडते. आता तिचे सांत्वन करणारी दुसरी यमुना कथेत नाही. दुसऱ्यांना सांगितलेली वचने तिला स्वतःसाठी पुन्हा उच्चारावी लागतात. तेथे त्या वचनांचे स्वरूप बदलते, उपदेशाची प्रार्थना होते. माझ्या मते या कादंबरीत ईश्वराचा शोध असा जो काही आहे तो येथे आहे. रूढिखंडनाच्या वादात नाही.

दुर्दैवाने लेखक या जागी थांबत नाही. यमुना ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो आणि कथा संपते. सामाजिक प्रश्नाचे उत्तर म्हणून हा शेवट धीट आहे. १८५७ मध्ये तो लिहिण्यास धैर्य लागले असणार. परंतु वैधव्याची सामाजिक स्थिती बदलणे आणि गेलेल्या माणसाचा शोक निवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्विवाहाने पहिली साधते. दुसरीला लागणारा अवधी पदमनजी देत नाहीत.

तो अवधी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये मिळतो. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आलेल्या या कादंबरीची नायिकाही यमुनाच. नावाचे हे साम्य योगायोगाचे असेल. अध्यापनात मात्र ते फार उपयोगी पडते. हरिभाऊंची यमू स्वतः बोलते, म्हणून तिच्या दुःखाला काळ आहे, घरातले कोपरे आहेत. पण तिच्या सुटकेस कोणी येत नाही, देवही नाही. एका यमुनेस ईश्वर लाभला पण स्वतःचा स्वर नाही. दुसरीस स्वर लाभला आणि आधार नाही.

या दोहोंचा मेळ कादंबरीत पडला नाही. तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त, म्हणजे आत्मचरित्रात पडला. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी धर्मांतर केले आणि लक्ष्मीबाईंना पती हयात असता वियोग भोगावा लागला. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्यांनी गाळलेली नाहीत. राग, रडणे, सोवळ्याओवळ्याचा पीळ हळूहळू सुटणे, आणि या सर्वांत टिकलेला विनोद यांतून श्रद्धा आकार घेते. येथे परिवर्तन तर्काने घडत नाही, कंटाळवाण्या दिवसांतून घडते. हे लेखन १९३४ पासून ग्रंथरूपाने येऊ लागले, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. वैधव्यातून मागे पाहणारी लेखणी आणि वैधव्याचे ‘निरूपण’ करणारी लेखणी यांतील अंतर विद्यार्थ्यांनी मूळ पाने शेजारी ठेवून तपासावे.

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयात हे ग्रंथ शिकविताना त्यांचा संदर्भ दूरचा राहत नाही. ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे एक मोठे केंद्र, युनियन बिब्लिकल सेमिनरी, १९५३ ते १९८३ या काळात याच शहरात होते. त्याहून निकटचा संदर्भ कापूसपट्ट्यातील घरांचा आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेने केले, तेव्हा ‘निरूपणा’चा विषय असलेली स्त्री व्यासपीठावरून स्वतः बोलली. आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविणारी सरकारी चौकशी, एक लाख रुपयांची मदत, सातबाऱ्यावरचे नाव, सावकाराचे देणे : आजच्या यमुनेचे पर्यटन या कार्यालयांतून होते. केशवपनाची जागा कागदांनी घेतली आहे. वर्गात ‘यमुनापर्यटन’ वाचताना एखादी विद्यार्थिनी उपदेशाच्या पानांवर काही बोलत नाही आणि विनायकाच्या मृत्यूच्या प्रकरणाशी थांबते. परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रकरण ते नव्हे; पण तेथून पुढे तिला वाचू द्यावे, आणि प्राध्यापकाने ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत.