शाळेच्या बागेतील डेलिया

शाळेच्या आवारात झेंडू, शेवंती व गुलबक्षी यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. डेलियाही तेथे चांगला येतो. मात्र आपल्या भागात त्याचा विचार पाण्यापासून आरंभावा लागतो. एके काळी स्वतंत्र खेडे असलेल्या व आता शहरात मोडणाऱ्या मुकुंदवाडीची मुले २०१९ सालच्या टंचाईत रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकावर जाऊन पाणी भरून आणीत, ही हकीकत वृत्तपत्रांतून दूरवर गेली होती. ज्या मुलाने घरी अशी ओढाताण पाहिली, त्याला फुलझाडास पाणी घालावयास सांगणे शिक्षकास जड जाते, आणि ते जड जावे हेच योग्य. म्हणून आश्विनात लावून माघात आटोपणारी, शालेय भोजनाचे तांदूळ व भाजी धुतलेल्या पाण्यावर भागणारी लागवड येथे सुचविली आहे. साबणाचे पाणी घालू नये.

हे झाड मूळचे मेक्सिकोचे. तेथून ते माद्रिदच्या राजोद्यानात आले व १७९१ साली काव्हानिय्येस या शास्त्रज्ञाने आंद्रेस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नामकरण केले. कुळ सूर्यफुलाचेच, आपण ज्यास एक फूल म्हणतो तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो.

पाठासाठी मेजावर बटाटा, रताळे व डेलियाचा कंद शेजारी शेजारी ठेवावे. बटाटा हे खोड असल्यामुळे त्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद हे मूळ आहे; त्याचा डोळा केवळ मानेशी, जुन्या खोडाच्या जोडावर असतो. मान तुटलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी उगवत नाही. यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, रताळेही मूळच, मग त्यास कोंब कसे फुटतात? रताळ्याच्या मुळावर नवे डोळे निर्माण होऊ शकतात, डेलियाच्या कंदावर होत नाहीत, हे उत्तर शिक्षकाने आधीच जवळ ठेवावे.

काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतो. वाफा उंच करून मातीत कुजलेले शेणखत व वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवून कंद १० सेंटिमीटर खोल, आडवा लावावा. आधाराची काठी त्याच वेळी रोवावी. मागाहून रोवल्यास ती नेमकी कंदात घुसते. कोंब वर येईपर्यंत पाणी बेताचेच द्यावे. नंतर बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. पाण्याची खरी बचत येथेच होते. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. ज्या शाळेस एकच कंद मिळाला असेल, तिने त्याचे कोवळे कोंब बोटभर लांबीचे कापून ओल्या वाळूत लावावेत. त्यांना मुळे फुटून नवी रोपे होतात.

मोठे फूल हवे असल्यास मधली कळी ठेवून बाजूच्या दोन काढाव्यात. मुलांना हे क्रूर वाटते. एका फांदीवर तशाच राहू देऊन दोन्हींची तुलना त्यांनाच करू द्यावी.

फुलदाणीसाठी फूल जवळजवळ पूर्ण उमलल्यावरच कापावे, कारण डेलियाची कळी कापल्यानंतर फारशी उमलत नाही. सकाळी ऊन चढण्यापूर्वी धारदार चाकूने कापून देठ लगेच पाण्यात बुडवावा व पाणी रोज बदलावे. फुले चार-पाच दिवस टिकतात. बदललेले पाणी पुन्हा वाफ्यात जाते.

पाने पिवळी पडली की खोड वीतभर ठेवून छाटावे व कंद लांबून खणून अखंड उचलावेत. सावलीत सुकवून ते कोरड्या वाळूत, मडक्यात, थंड खोलीत ठेवावेत. सगळे कंद दिसावयास सारखेच, तेव्हा प्रत्येक मडक्यावर रंगाची चिठ्ठी लावावी. आपल्याकडील उन्हाळ्यात ते सुरकुततात आणि नेमकी तेव्हाच शाळेस सुट्टी असते. म्हणून मडकी शाळेजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी द्यावीत व पंधरा दिवसांनी एकदा उघडून, कंद फारच आक्रसले असल्यास वाळूवर ओंजळभर पाणी शिंपडावे, असे त्यास सांगावे.