ट्रॅक्टरची बॅटरी बदलताना घ्यावयाची खबरदारी

ट्रॅक्टरची बॅटरी अवघ्या 12 व्होल्टची असल्याने तिच्यापासून धोका नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. बॅटरीत पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते, व ती भारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत हा वायू शेकडा 4 इतका मिसळला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून ठिणगी पडू न देणे हेच या कामातील मुख्य सूत्र होय.

प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढावी. विडी व कंदील दूर ठेवावेत. अंगठी व कडे उतरवावे. नंतर ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडवावी. ही तार बहुधा ऋण टोकाची असते. काही जुन्या ट्रॅक्टरांत ती धन टोकाची असते, म्हणून प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. दुसरी तार आधी सोडविल्यास पाना सांगाड्याला टेकताच मोठी ठिणगी उडते. नवी बॅटरी बसविताना क्रम उलटा ठेवावा : सांगाड्याची तार सर्वांत शेवटी जोडावी.

आम्ल डोळ्यांत उडाल्यास निदान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

जुन्या बॅटरीतील शिसे विषारी असते. ती विहिरीजवळ वा उकिरड्यावर न टाकता विक्रेत्यास परत करावी. ग्रामसेवकांनी तार सोडविण्याचा हा क्रम शेतकऱ्यांस प्रात्यक्षिकाने समजावून द्यावा.