गावाने बांधलेलं चर्च कसं पाहावं

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून खेड्यापाड्यांतली मध्ययुगीन चर्च पाहत हिंडायचा मला नादच लागला. त्यातून हाती आलेल्या या पाच गोष्टी.

१. आत शिरायची घाई करू नका. आधी बाहेरून फेरी मारा. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर पुष्कळदा दोन तिरप्या रेघा वर एकत्र येताना दिसतात. तो जुन्या, जास्त उतरत्या छपराचा व्रण. पुढे भिंती उंचावल्या, वर खिडक्यांची ओळ बसवली, छप्पर बदललं. खूण मात्र राहिली.

२. कमानींवरून काळ ओळखा. अर्धगोल कमानी आणि जाडजूड खांब दिसले, तर बांधकाम बहुधा बाराव्या शतकातलं, नॉर्मन घडणीचं. टोकदार कमानी त्यानंतरच्या. सरळ उभ्या दगडी पट्ट्यांच्या भल्यामोठ्या खिडक्या चौदाव्या ते सोळाव्या शतकातल्या. हे सगळं एकाच चर्चमध्ये सापडतं, त्यामुळे ‘हे कोणत्या साली बांधलं?’ याला बहुतेक वेळा एकच उत्तर नसतं.

३. पैसा कुणाचा, हे विचारा. वेदीकडच्या भागाची देखभाल रेक्टरकडे, म्हणजे चर्चच्या प्रमुख धर्मगुरूकडे असे आणि लोक जमत त्या मोठ्या दालनाची गावकऱ्यांकडे. गावात पैसा आला की हे दालन उजळून निघे. सफोकमधल्या लाँग मेलफर्डला लोकरी कापडाच्या व्यापाराने बरकत आणली. तिथे चांगला इमारती दगड मिळत नाही, म्हणून गारगोटी फोडून तिचे काळेभोर, चकचकीत तुकडे भिंतीत बसवले आहेत. त्यांच्यामध्ये फिकट दगडातली अक्षरं आहेत: देणगीदारांची नावं आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती. मेरीला वाहिलेल्या लेडी चॅपलवर १४९६ हे सालही आहे.

४. ओरखडे वाचा. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर १३५० सालच्या प्लेगबद्दल लॅटिनमध्ये कुणीतरी खरडून ठेवलं आहे. लोकांची दैना झाली, साक्षीला उरलेसुरले तेवढे राहिले, असा त्याचा आशय. पुढे १३६१ च्या वादळाचीही नोंद आहे. पुस्तकातला प्लेग मला इथे पहिल्यांदा खरा वाटला.

५. पांढऱ्या भिंतींवर विश्वास ठेवू नका. ही चर्च रंगीत होती. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत चित्रांवर चुना फिरवला गेला. सफोकच्या वेनहॅस्टनला १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी काढलेल्या चुना लावलेल्या फळ्या आवारात पडल्या होत्या. रात्री पाऊस झाला, चुना धुऊन गेला आणि खालचं अंतिम न्यायाचं चित्र उघडं पडलं. ते आजही तिथे पाहायला मिळतं.

ही चर्च राजाने नव्हे, गावाने उभी केली आणि आजही त्यांच्या दुरुस्तीचा बराचसा भार गावावरच आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नसतं. तेव्हा पाहून झालं की दाराजवळच्या दानपेटीत यथाशक्ती काही टाका.