जुन्या फियाटचे ब्रेक सुधारताना

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेली फियाट ११०० डिलाइट पुढे १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीच्या या गाडीला मुळात चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक असत. आजच्या रहदारीत ते अपुरे वाटू लागले, की पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा विचार सुरू होतो. मात्र अनुभव असा, की अशा बहुतेक गाड्यांची तक्रार ड्रममुळे नसते. ती झिजलेल्या आणि गळक्या भागांमुळे असते. म्हणून आधी मूळ ब्रेक पूर्ण दुरुस्त करावेत, मगच बदलाचा निर्णय घ्यावा.

तपासणी चाकापासून सुरू करावी. व्हील सिलिंडरचे रबर उलटून पाहावे. आत ओल दिसली तर गळती आहे आणि लायनरला तेल लागण्याचा धोका आहे. तेल लागलेला लायनर पेट्रोलने पुसून पुन्हा बसवू नये, बदलावा. ड्रमला टर्निंग करताना कमाल व्यासाची मर्यादा पाळावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

रबरी होज बाहेरून धड दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. अशा वेळी पेडल सोडल्यावरही चाक जाम राहते. चाकाजवळचा ब्लीडिंग निपल सैल करताच चाक मोकळे होते. होजच्या अलीकडची धातूची पाइप सैल करून मात्र होत नाही. दोष होजमध्ये असल्याची ही खूण आहे. धातूच्या पाइपही गंजलेल्या असतील तर बदलाव्यात. त्यासाठी साधे तांबे वापरू नये.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळले, की लाइनमध्ये वाफ धरते आणि पेडल खाली जाते. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये. रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

एवढे करूनही डिस्क हवीच असेल, तर संपूर्ण यंत्रणेचा एकत्र विचार करावा. ड्रममध्ये फिरत्या ड्रमच्या ओढीने पुढचा शू आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. डिस्कला ही मदत नसते. त्यामुळे पेडल जड होते आणि बहुधा व्हॅक्यूम बूस्टर लागतो. कॅलिपरला ऑइलही जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडरचा बोअर त्याला जुळणारा हवा. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते. पुढची आणि मागची लाइन वेगळी असलेला मास्टर सिलिंडर घेणे उत्तम. एक फुटली तरी दुसरी काम करते.

पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल सर्वांत महत्त्वाचा. मागची चाके आधी लॉक झाली तर गाडी आडवी फिरते. तोल मोकळ्या जागी, कमी वेगापासून सुरुवात करून तपासावा. रिमला कॅलिपर घासत नाही ना, हेही स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असल्यास २०२१ च्या नियमांनुसार चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणून काहीही न कापता, मूळ भाग पुन्हा बसवता येतील असाच बदल करावा आणि त्याआधी आरटीओत विचारणा करावी.

खंडाळ्याचा घाट उतरताना गिअर खालचाच ठेवावा. डिस्क बसवली तरी ही सवय सोडू नये. आणि इंजिनवर खर्च करण्याआधी ब्रेकवर करावा: गाडी बंद पडली तर ढकलता येते, थांबली नाही तर उपाय उरत नाही.