तोंड उघडं, नजर जागी

पोरी, सव्वा महिना उलटला की घरातल्या प्रत्येकाला बाळ बाहेर न्यायचं असतं. कुणाला देवळात, कुणाला आत्याकडे, कुणाला नुसतं खाली सोसायटीत मिरवायला. त्यात तू विचारलंस, "आजी, कॅरिअर घेऊ की स्ट्रोलर?" आणि जावईबापूंनी फोनवर इतके फोटो पाठवले की एकेकाचे पट्टे बघताना माझाच गुंता झाला.

काय घ्यायचं ते शेवटी सांगते. आधी एक नियम पदराला बांध. बालविभागात नोकरीला असताना आम्हा सिस्टरांची सवय एकच: बाळापाशी गेलं की पहिल्यांदा तोंड बघायचं. ओठांचा रंग कसा आहे, नाकपुड्या फुलताहेत का, हनुवटी कुठे टेकली आहे. बाहेर नेतानाही तेच. झोळी असो, गाडी असो, मोटार असो, बाळाचं नाक-तोंड उघडं हवं आणि ते तुला सतत दिसायला हवं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

अंगाशी बांधताना

बाळ अंगाशी बांधणं आपल्याला काही नवं नाही. कामावर जाणाऱ्या कितीतरी बायका लुगड्यात, ओढणीत पोर बांधून मैलोन् मैल चालतात. दुकानातलं पट्ट्यांचं कॅरिअरसुद्धा अशाच बायकांकडून आलंय. ॲन मूर नावाची अमेरिकन परिचारिका पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतून आफ्रिकेत टोगोला गेली होती. तिथल्या आया पाठीशी बाळं बांधून बाजारहाट करताना तिनं पाहिल्या. परत आल्यावर स्वतःच्या लेकीसाठी तसंच काहीतरी तिनं आईकडून शिवून घेतलं, आणि 1969 साली त्याचं पेटंट मिळवलं.

आता बांधायचं कसं? उभं, घट्ट आणि उंच. तू मान जराशी खाली केलीस की बाळाच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे, इतकं उंच. सैल बांधलं की बाळ आत घसरतं, पाठीची कमान होते आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते. मान अशी मुडपली की ती दबते, आणि तशा वेळी बाळ रडतही नाही. म्हणून हनुवटीखाली तुझं एक बोट सहज सरकतं का, हे दर थोड्या वेळानं बघायचं. बाळ गप्प झालं म्हणजे झोपलं, असं बाहेर असताना कधी धरून चालू नकोस. आधी तोंड बघ.

खांद्यावरून तिरप्या लोंबणाऱ्या, पिशवीसारख्या खोल झोळ्या चार महिन्यांच्या आतल्या बाळाला नकोतच. 2010 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं अशा झोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. मागच्या 20 वर्षांतले निदान 14 मृत्यू त्यांनी नोंदवले आणि त्यातली 12 बाळं चार महिन्यांहून लहान होती. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, वजनानं कमी असेल किंवा सर्दीनं नाक चोंदलं असेल, तर कॅरिअर आधी डॉक्टरांना दाखव.

पायांचंही ऐक. बाळाचे पाय सरळ लोंबकळत ठेवायचे नाहीत. बेडकासारखे फाकलेले, गुडघे बुडाहून जरा वर, आणि कापडाचा आधार एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत. पहिल्या काही महिन्यांत खुब्याचा सांधा अजून तयार होत असतो. पाय जुळवून ताणून ठेवले तर तो खोबणीतून सरकू शकतो. जपानमध्ये 1975 च्या सुमारास बाळांचे पाय सरळ करून गुंडाळू नका, असं घरोघरी सांगायला सुरुवात झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण खूप उतरलं. आपलं कडेवर घेणं याच हिशेबानं चांगलं, पाय आपोआप फाकतात. पण दुपट्यात पाय काठीसारखे सरळ करून आवळायची आपली सवय मात्र सोडून दे. छातीशी गुंडाळ, कमरेखाली सैल ठेव.

जगाकडे तोंड करून बांधायची घाई करू नकोस. मान पक्की धरायला लागेपर्यंत बाळाचं तोंड तुझ्याकडेच हवं. पाठुंगळी घ्यायचं तर सहा महिन्यांनंतर, कारण पाठीमागचं तोंड तुला दिसत नाही. कॅरिअरमध्ये अंगावर पाजलंस तर पिऊन झाल्यावर पुन्हा वर ओढून उभं कर. खाली काही पडलं तर कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. आणि बाळ बांधलेलं असताना गॅसपाशी जायचं नाही, गरम चहा प्यायचा नाही.

बाबागाडी निवडताना

आम्ही बाबागाडी म्हणायचो, तुम्ही स्ट्रोलर म्हणता. दुकानदार कप ठेवायची जागा दाखवेल. तू आधी पाठ बघ. जे बाळ बसायला शिकलेलं नाही त्याला बसवणारी गाडी चालत नाही. सहा महिन्यांपर्यंत पाठ पूर्ण आडवी होणारी हवी. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी ओवेन मॅकलॅरन या इंग्रज अभियंत्यानं 1965 मध्ये काढली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या जोडणीवर त्यानं काम केलं होतं, तेच डोकं त्यानं गाडी मिटवायला वापरलं. प्रवासाला ती झकास, पण त्या जातीच्या बऱ्याच गाड्यांची पाठ पुरती आडवी होत नाही. म्हणून ती बसत्या बाळासाठी.

मग पट्टे बघ. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, असे पाच हवेत. नुसता कमरेचा पट्टा असेल तर बाळ खालून घसरतं आणि मान अडकते. पाच मिनिटांसाठी बसवलंस तरी पाचही पट्टे लाव. ब्रेक दुकानातच दाबून गाडी ढकलून बघ, हलता कामा नये. खोक्यावर ईएन 1888 किंवा एएसटीएम एफ 833 लिहिलं आहे का ते वाच. पहिलं युरोपचं मानक, दुसरं अमेरिकेचं. दुसऱ्याची वापरलेली गाडी घ्यायलाही हरकत नाही, फक्त ब्रेक, पट्टे आणि बिजागऱ्या तपासून घे.

बिजागऱ्यांवरून आठवलं. 2009 मध्ये अमेरिकेत जवळपास दहा लाख घडीच्या गाड्या परत मागवाव्या लागल्या, कारण उघडताना-मिटताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. गाडी उघडताना किंवा मिटताना पोरं हाताच्या अंतरावर नकोत, मोठं भावंडसुद्धा.

आपल्या फुटपाथवर लहान चाकं फरशीच्या फटीत अडकतात, तेव्हा चाकं जरा मोठी बघ. आणि गाडी उचलून बघ. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन जिना चढता येत नसेल, तर ती गाडी महिन्याभरात बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रांखाली जाते. भाजीची पिशवी दांडीला लटकवायची नाही. बाळ उचललं की सगळं वजन मागे जातं आणि गाडी उलटते. पिशवी खालच्या जाळीत.

रस्ता ओलांडताना एक गोष्ट विसरू नकोस: तू कडेला उभी असतेस तेव्हा बाळ तुझ्या चार पावलं पुढे, रस्त्यात असतं. म्हणून मागे थांब, दोन्हीकडे बघ, मगच पुढे ढकल. रेल्वे फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करायची, ब्रेक लावून, आणि वर हातही ठेवायचा. फलाटाचा उतार डोळ्याला दिसत नाही, चाकांना कळतो. सरकत्या जिन्यावर गाडी न्यायचीच नाही.

ऊन, धूर आणि डास

ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी टाकलेली मी रोज बघते. माया असते गं, पण आत भट्टी होते. स्वीडनमधल्या एका वृत्तपत्रानं 2014 मध्ये उन्हात गाडी ठेवून मोजलं होतं. उघड्या गाडीत 22 अंश होतं, पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात 34 आणि तासाभरात 37. शिवाय कापडाखालचं तोंड तुला दिसत नाही, म्हणजे आपला पहिलाच नियम मोडला. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं की कोरड्या मलमलीनं गाडीत गरमी वाढते, पण ओलं मलमल टाकून सोबत छोटा पंखा लावला तर ती जवळजवळ पाच अंशांनी उतरते. आपल्या वाळ्याच्या पडद्याचं तत्त्व हेच. देशावर, विदर्भात कोरड्या हवेत ते लागू पडतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कापड लवकर सुकत नाही आणि गारवाही येत नाही. ओलं कापड टाकलंस तरी एक बाजू पूर्ण उघडी ठेव, पुन्हा पुन्हा ओलं कर आणि वाकून तोंड बघत राहा.

सगळ्यात बरं म्हणजे अकरा ते चार बाहेर पडूच नये. सहा महिन्यांच्या आत बाळाला थेट ऊन नको. सनस्क्रीनचा भरवसाही नको, सावली आणि रुंद काठाची सुती टोपी पुरे. कॅरिअरमध्ये दोन अंगांची ऊब एकत्र येते, तेव्हा बाळाला एकच पातळ झबलं घाल. गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही, मानेमागे बोट लावून बघ. घामेजलं असेल तर एक कपडा काढ. कुंची डिसेंबरच्या पहाटे छान दिसते. मार्चमध्ये ती कपाटात ठेव, आत्याबाईंनी कितीही हौसेनं आणली असली तरी. आणि ऊन आहे म्हणून सहा महिन्यांच्या आत कुणी चमच्यानं पाणी पाजायला आलं तर गोड बोलून थांबव. आईच्या दुधातच पाणी असतं, फक्त पाजायच्या वेळा वाढव.

धुराचं मला उशिरा समजलं. गाड्यांचा धूर जमिनीलगत जास्त दाट असतो आणि बाबागाडीतलं बाळ नेमकं त्याच उंचीवर श्वास घेतं. इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या प्रशांत कुमार यांच्या गटानं 2018 मध्ये मांडलं की गाडीतल्या बाळाच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा 60 टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण येऊ शकतं. म्हणून मोठ्या रस्त्यानं जायचं झालं तर बाळ कॅरिअरमध्ये घे. गाडी बागेत, गल्लीत, सोसायटीच्या आवारात वापर.

तिन्हीसांजेला बाळाला बाहेर काढू नये, असं माझी आजी म्हणायची. डासांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. तेव्हा पावसाळ्यात गाडीवर जाळी दिवसाही हवी, घट्ट ताणून, तोंडावर न लोळणारी. डास पळवायची मलमं दोन महिन्यांच्या आत लावायचीच नाहीत. पुढेही डॉक्टरांना विचारून, आणि हातांना तर नाहीच, बाळ हात तोंडात घालतं.

स्कूटर आणि मोटार

इथे मी कडक बोलणार आहे. कॅरिअर बांधलं म्हणजे स्कूटरवर बसता येतं, असं नाही. कॅरिअर चालण्यासाठी आहे, धक्का सोसण्यासाठी नाही. 15 फेब्रुवारी 2023 पासून कायदाच आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट हवं, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. नऊ महिन्यांहून लहान बाळाच्या मापाचं हेल्मेट नाही आणि मानेला त्याचं वजनही पेलायचं नाही. तेव्हा माझा कायदा सोपा आहे: तुझं बाळ दुचाकीवर बसणार नाही.

मोटारीत मांडीवर घेणंही नको. जोराचा ब्रेक लागला की हातातलं बाळ कुणालाच धरून ठेवता येत नाही. मागच्या सीटवर, मागे तोंड केलेली बाळाची खुर्ची. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर ती कधीच नाही. मुक्काम आला की बाळ खुर्चीतून काढून सपाट जागी निजव. त्या खुर्चीतही मान पुढे पडते. आणि बंद मोटारीत "एक मिनिटात येते" म्हणून बाळ ठेवायचं नाही, सावली असली तरी.

दृष्टीचं

बाहेर जाताना दृष्ट लागू नये असं वाटतं, वाटू दे. गालावर कुंकवाच्या काडीएवढा काळा ठिपका लाव, पण डोळ्यांत काजळ नको, काही काजळांत शिसं असतं. आणि गळ्यात काहीही नको. ना काळा दोरा, ना ताईत, ना चोखणीची दोरी. गाडीच्या पट्ट्यात अडकलं तर फास बसतो. मनगट्या, वाळे आहेतच की.

आता घ्यायचं काय

तुझं घर जिन्याचं, रस्ता गर्दीचा. तेव्हा आधी कॅरिअर घे: सुती, बसकेचं कापड रुंद, तान्ह्याला चालेल असं लिहिलेलं. दुकानात बाळाला घालून, आरशात बघून घे. गाडीची घाई नको. सहा महिन्यांनी बाळ बसायला लागलं की हलकी, घडीची, पाच पट्ट्यांची बघ, तोवर मैत्रिणीची मागून चार दिवस वापरून पाहा. पैसे उरले तर ते मोटारीतल्या खुर्चीवर घाल.

आणि कुणी "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणालं, तर वाद घालू नकोस. बाळ त्यांच्या कडेवर दे आणि तेवढ्यात तुझा चहा गरम आहे तोवर पिऊन घे.