राखणीला घेतलेलं घर

चि. सायली,



कोथरूडच्या काका-काकूंनी तुला सहा महिने घरात राहायला बोलावलंय आणि भाडं नको म्हणालेत, हे ताईनं सांगितलं तेव्हाच ठरवलं की तुला सविस्तर लिहायचं. फोनवर तू नुसती ‘हो मावशी, हो मावशी’ करशील. घर राखायचं काम मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. शिकत असताना एरंडवण्यातल्या एका प्राध्यापकांच्या बंगल्यात राखणीला राहिले, आणि आता लेकीकडे जाते तेव्हा माझं घर दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन जाते. संधी चांगली आहे, जरूर घे. मात्र जागा फुकट मिळाली असं मनात धरून जाऊ नकोस. तिकडे न्यू जर्सीत लेकीचं बाळंतपण करताना त्यांच्या जिवाला घराचा घोर लागू नये, एवढ्यासाठी ते तुला किल्ली देताहेत. तो घोर तू आपल्याकडे घ्यायचास. तुझं भाडं ते हेच.

त्यांच्या मनात काही भीती असणार. ते ती बोलून दाखवणार नाहीत, म्हणून मी सांगते. पुण्या-मुंबईच्या जुन्या माणसांनी १९४७ चा भाडे कायदा भोगलाय. भाडी गोठली आणि भाडेकरू उठवणं जवळपास अशक्य झालं. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते, तेही संरक्षित भाडेकरू झाले. ‘थोडे दिवस राहू द्या’ म्हणून दिलेल्या खोल्या अशा हातच्या गेल्या. घराला कुलूप लावून ठेवू, पण कुणाला देणार नाही, ही वृत्ती तिथून आली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली, त्यामागे हेही एक कारण आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पुष्कळ गोष्टी बदलल्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, मुदत संपल्यावर जागा परत मिळवायचा मार्गही सोपा झाला. पण माणसाच्या मनातली भीती कायद्याइतक्या लवकर बदलत नाही.

तू भाडेकरू नाहीस, राखणदार आहेस. हा फरक कागदावर आणायचा आग्रह तू स्वतः धर. त्यांनी मागायची वाट पाहू नकोस. गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१२ मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्या जागेवर त्याचा हक्क तयार होत नाही. हा निकाल काकांना सांग, त्यांचा जीव भांड्यात पडेल. मग स्टॅम्प पेपरवर साधं लिहून घ्या: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, भाडं नाही, अनामत नाही, विजेचं बिल कुणी भरायचं, दुरुस्तीला किती रकमेपर्यंत न विचारता खर्च करायचा, आणि ते मुदतीआधी परत आले तर तू किती दिवसांत बाहेर पडायचं. ओळखीच्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना काकांच्या सहीचं पत्र जाऊ दे, आणि पोलिसांकडेही तू तिथे राहतेस ही माहिती काकांनीच नोंदवू दे.

कागदाचा आणखी एक उपयोग आहे, तो कुणी सांगत नाही. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्यानं दिलं की सोसायटीही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लावू शकते. जिन्यात भेटलेल्या कुणाला तू सहज ‘इथे भाड्यानं राहते’ म्हणालीस, तर त्याचा भुर्दंड काकांना बसू शकतो; तेव्हा तू भाडेकरू नाहीस हे दाखवायला तो कागद हवा. त्या पत्त्यावर आधार, बँक, मतदार यादी, काहीही बदलून घेऊ नकोस. तुझा पत्ता साताऱ्याचाच राहू दे. ऑनलाइन मागवलेल्या पार्सलांपुरता तो पत्ता वापर, त्यापुढे नाही.

एटीएम कार्ड, लॉकरची किल्ली, काकांचं सिम घातलेला जुना फोन, यातलं काहीही ‘असू दे घरात’ म्हणून ठेवून घेऊ नकोस. सिमचा मुद्दा विशेष लक्षात ठेव. परदेशी जाताना पुष्कळजण इथला फोन घरीच ठेवतात आणि राखणदाराला सांगतात, ओटीपी आला की कळव. तू गोड शब्दांत नाही म्हण. पैशाचा एखादा व्यवहार चुकला तर पहिली शंका तुझ्यावर येईल. दागिने बँकेत आणि महत्त्वाची कागदपत्रं एका खोलीत कुलूपबंद, आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्या नातेवाइकांकडे, हे तूच सुचव. टपाल आलं तर पाकिटाचा फोटो पाठव, पाकीट फोडू नकोस.

ते निघण्याआधी तीन-चार दिवस त्यांच्यासोबत राहा. याला पर्याय नाही. प्रत्येक घराच्या काही खोडी असतात आणि त्या माणसांच्या अंगवळणी पडलेल्या असतात, म्हणून त्यांना त्या सांगायच्या सुचतच नाहीत. तू बघत राहा. काकू मोटार किती वेळ चालवतात, गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करतात का, दाराची कडी कुठल्या बाजूला दाबावी लागते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोण घालतं. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाला यांचे नंबर त्यांच्याच वहीतून उतरवून घे. शेवटच्या दिवशी दोघांच्या समोर सगळ्या घराचा व्हिडिओ काढ, भिंतीवरच्या ओलीसकट, आणि तो त्यांनाही पाठव. ही ओल आधीपासूनची होती, हे ऑक्टोबरात सांगत बसायला लागू नये.

आता पावसाळ्याचं. ते मेमध्ये जाणार, म्हणजे सगळा पावसाळा तुझ्या वाट्याला येतो, आणि घराची परीक्षा पावसाळ्यातच असते. बाल्कनीतल्या पाणी जायच्या भोकात पानं अडकतात आणि पाणी उंबरा ओलांडून आत येतं. रोज सकाळी ते भोक बघ. कपाटं आठवड्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी सताड उघडी ठेव, नाहीतर काकूंच्या साड्यांना बुरशी धरेल. पुस्तकांना कसर लागते आणि चौकटीला वाळवी. वाळवीची मातीची रेघ दिसली की त्याच दिवशी कळव, ती थांबत नाही. दुसरी न्हाणी तू वापरणार नाहीस. तिच्या जाळीखाली जे पाणी उभं असतं तेच वास आणि झुरळं अडवून धरतं, आणि वापर नसला की ते आटतं. तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणीही आठवड्याला फेकायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडता व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आणि नळ. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात, हे तुला कळेलच. पाणी नाही म्हणून नळ उघडून बघायचा, तसाच सोडून बाहेर जायचं, आणि संध्याकाळी पाणी आल्यावर घरभर तळं. खालच्या मजल्याचं छत खराब झालं की तो खर्च कुणाचा, यावरून चांगली नाती तुटलेली मी पाहिली आहेत. बाहेर पडताना नळ, गॅस, गीझर, खिडक्या, या क्रमानं हात लावून बघायची सवय लाव. नुसतं नजरेनं बघून भागत नाही.

राहण्याच्या रीतीही आधीच विचार. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं चालतं का, मासे चालतात का, हे विचारायला संकोच करू नकोस. चालत नसेल तर सहा महिने बाहेर खा. देवघराचं विचारलंच पाहिजे. रोज पूजा करायची की नुसता दिवा लावायचा की देव नातेवाइकांकडे नेऊन ठेवणार? त्यांच्या घरी गणपती बसत असेल तर या वर्षी तो कुठे बसणार? तुला पूजा जमत नसेल तर स्पष्ट सांग. न केलेली पूजा केली म्हणून सांगण्यापेक्षा ते बरं. मैत्रिणी आल्या तर चालेल का, रात्री राहिल्या तर चालेल का, तू साताऱ्याला किती रात्री जाऊ शकतेस, हेही आत्ताच ठरवून घे. फर्निचर हलवू नकोस. मसाल्याचा डबा आहे तिथेच राहू दे. तुला पटत नसलेली मांडणी त्यांना अंधारातही सापडते.

कामाला येणाऱ्या मावशींचं बोलणं राहून जाईल, म्हणून मुद्दाम लिहिते. घर बंद असणार म्हणून लोक त्यांचा पगार निम्मा करतात किंवा थांबवतात. त्यांचं घर मात्र त्या पैशांवर चालतं. काकूंना विचार की मावशी येत राहणार का आणि पगार कोण देणार. पूर्ण पगार चालू ठेवता येईल का, हेही नम्रपणे विचारून बघ. तू त्यांची मालकीण नाहीस. घराची माहिती तुझ्यापेक्षा त्यांना जास्त आहे, त्यांच्याकडून शिक.

कळवायची वेळ ठरवून घे. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ असतात. ती वेळ दोघांना बरी. आठवड्यातून एकदा चार ओळी आणि दोन फोटो पुरेत. एक फोटो तुळशीचा असू दे, काकूंना बरं वाटेल. काही बिघडलं तर आधी स्वतः जेवढं थांबवता येईल तेवढं थांबव, मग कळव, आणि कळवताना काय केलंस तेही लिही. लपवू मात्र नकोस. फुटलेली बशीसुद्धा कळव.

एका गोष्टीबद्दल मला काळजी आहे. ताई म्हणाली, काकांच्या आई घरीच राहणार की धाकट्या भावाकडे जाणार हे अजून ठरलेलं नाही. त्या घरी राहणार असतील तर हे काम तू घेऊ नकोस. घर राखणं वेगळं आणि पंच्याऐंशीच्या आजींना सांभाळणं वेगळं. औषधं, रात्रीचं उठणं, एकदा पाय घसरला की सगळं तुझ्या अंगावर. तू दुपारी संगणकावर काम करतेस, तेव्हा आजींकडे कोण बघेल? लोक वाईट हेतूनं हे करत नाहीत. ‘घरात आहेसच, तेवढं बघ’ असं सहज म्हणतात आणि राखणीच्या नावाखाली एका मुलीकडून दिवसरात्रीचं शुश्रूषेचं काम बिनपगारी करून घेतलं जातं. मी हे होताना पाहिलं आहे. आजींसाठी दिवसरात्र पगारी बाई ठेवणार असतील आणि तू फक्त सोबतीला असशील, तर गोष्ट वेगळी. पण ते आधी ठरायला हवं आणि कागदात यायला हवं. इथे तू संकोच केलास तर मी ताईला सांगून तुला घरी बोलावून घेईन.

वाचलेलं भाडं खर्चू नकोस. आत्ता पेइंग गेस्ट म्हणून देतेस तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाक. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, पण काकांची तब्येत बिघडली तर ते दोन महिन्यांतही परततील. त्या दिवशी तुझ्याकडे दुसऱ्या जागेची अनामत भरायला पैसे हवेत आणि आठवडाभर पाठ टेकायला एखाद्या मैत्रिणीचं घर ठरलेलं हवं.

पुढे हे राखणीचं काम वारंवार करायचं तुझ्या मनात आहे, असंही कळलं. मग ते परत आल्यावर काका-काकूंकडून सही केलेलं शिफारसपत्र माग. आपल्याकडे हे काम ओळखीवरच चालतं आणि असं एक पत्र पुढच्या चार घरांची दारं उघडतं. ब्रिटनमध्ये २०१० पासून ‘ट्रस्टेड हाउससिटर्स’ नावाची कंपनी घरमालक आणि राखणदार यांची गाठ घालून देते. दोघंही वर्षाची वर्गणी भरतात आणि एकमेकांबद्दल अभिप्राय लिहितात. त्या वाटेनं परदेशी जायचा विचार आला तर आधी व्हिसाचे नियम वाच. २०२२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन तरुणीला लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून परत पाठवलं होतं, कारण घर आणि मांजर सांभाळून त्या बदल्यात राहणं हे तिथल्या अधिकाऱ्यांनी काम धरलं, आणि पर्यटक म्हणून आलेल्याला काम करायची परवानगी नसते. मांजर-कुत्र्यांची घरंही एवढ्यात घेऊ नकोस. आधी एखाद्या ओळखीच्या कुत्र्याला आठवडाभर सांभाळून बघ.

रविवारी त्यांच्याकडे जाशील तेव्हा आजींचं पहिल्यांदा विचार, बाकीचं नंतर. कागदाचा मसुदा झाला की मला पाठव, वाचून परत करीन. तारखा आणि मुदतीचं कलम मी नीट बघणार आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझी
मावशी